‘लई भारी’च्या पुढे : नवोदितांच्या डबस्टेप ट्रॅकवर अभिप्राय कसा द्यावा

लातूर, नांदेड, परभणी, बीड अशा शहरांत आज अशी मुले-मुली भेटतात, ज्यांनी स्टुडिओचे दार कधी पाहिलेले नसते, पण रात्री अभ्यास आटोपल्यावर लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ किंवा मोबाइलवर बँडलॅब उघडून ती स्वतःचे इलेक्ट्रॉनिक संगीत, त्यातही डबस्टेप नावाचा प्रकार, रचत असतात. ट्रॅक तयार झाला की तो एखाद्या मित्राकडे जातो आणि मित्र ‘लई भारी’, ‘एक नंबर’ किंवा ‘मजा नाही आली’ एवढे लिहून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट उघडल्यावर नेमका कशाला हात घालायचा, हे यांपैकी कुठल्याही उत्तरावरून कळत नाही. हा लेख त्या मित्रासाठी आहे. त्याला मदत करण्याची इच्छा आहे, पण काय ऐकावे आणि ऐकलेले कसे सांगावे, याची सवय नाही. त्यासाठी स्वतःला संगीत बनवता आलेच पाहिजे असे नाही; भजनाला बसल्यावर टाळ कुठे मागे पडला हे ज्याला जाणवते, त्याला हे काम शिकता येते.

आधी विचारा, मग ऐका

ट्रॅक सुरू करण्यापूर्वी तो बनवणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात. त्याला काय बनवायचे होते, काम कितपत झाले आहे आणि त्याची स्वतःची शंका कुठे आहे? यातला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण डबस्टेप हा शब्द आज दोन बऱ्याच वेगळ्या प्रकारांसाठी वापरला जातो. २००० च्या सुमारास दक्षिण लंडनमध्ये, विशेषतः क्रॉयडन भागात, तिथले गॅराज हे नृत्यसंगीत आणि जमैकाचे डब (रेगेतून निघालेला प्रकार) यांच्या मिलाफातून जे डबस्टेप घडले, त्यात ड्रम विरळ होते, बेस (खालचे जाड स्वर) खोल होता आणि दोन आवाजांमधली मोकळी जागा हाच त्या संगीताचा प्राण होता. माला, स्क्रीम आणि बेंगा ही त्या पिढीतील नावे. पुढे २०१० च्या आसपास स्क्रिलेक्ससारख्या अमेरिकी कलाकारांमुळे जो प्रकार जगभर पोहोचला, त्यात मधल्या वारंवारितेतले गुरगुरणारे, चिरकणारे सिंथ (इलेक्ट्रॉनिक वाद्याचे आवाज) पुढे आले आणि मोकळी जागा जवळजवळ उरली नाही. दोन्ही प्रकारांची गती मिनिटाला १४० ठोक्यांच्या आसपास असते आणि दोन्हींत स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) बहुधा बारच्या, म्हणजे चार ठोक्यांच्या आवर्तनाच्या, तिसऱ्या ठोक्यावर पडतो, त्यामुळे चाल निम्म्या गतीची भासते. पण एकाच्या अपेक्षेने दुसरा ऐकला तर अभिप्राय चुकतो.

माझ्या हातून ही चूक झालेली आहे. परभणीच्या एका मुलाने पाठवलेला ट्रॅक मी काही न विचारता ऐकला आणि ‘मधला भाग रिकामा वाटतो’ असे त्याला कळवले. त्याने पुढच्या आवृत्तीत तिथे आणखी तीन सिंथ भरले. ती पोकळी त्याने जाणीवपूर्वक ठेवली होती हे मला नंतर कळले, आणि तोपर्यंत त्याचा स्वतःच्या निवडीवरचा विश्वास गेला होता. तेव्हापासून मी आधी विचारतो.

काम कितपत झाले आहे, हेही महत्त्वाचे आहे. सोळा बारच्या कच्च्या कल्पनेवर मास्टरिंगविषयी (पूर्ण ट्रॅकवरच्या शेवटच्या संस्काराविषयी) बोलून उपयोग नाही, आणि दोन दिवसांत प्रसिद्ध होणाऱ्या ट्रॅकची मूळ चाल बदलायला सांगणे अन्यायाचे आहे.

फाइल कोणती मागावी आणि कशावर ऐकावी

व्हॉट्सॲपवर ट्रॅक मागवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोहोचते. वेव्ह फाइल असेल तर उत्तम, नाहीतर ३२० केबीपीएसची एमपी३ चालते. स्पीकरसमोर फोन धरून केलेल्या व्हॉइस नोटवर अभिप्राय देऊ नये, कारण तेव्हा आपण ट्रॅकवर नव्हे तर त्या फोनच्या माइकवर बोलत असतो.

मोबाइलच्या स्पीकरवर साधारण २०० हर्ट्झच्या खालचे फारसे काही वाजत नाही आणि डबस्टेपचा सबबेस, म्हणजे सर्वांत खालचा बेस, ३० ते ६० हर्ट्झच्या दरम्यान असतो. अर्थात, त्या स्पीकरवर ऐकून ‘बेस कमी आहे’ असे म्हणण्याला काही आधार नसतो. साधे तारेचे हेडफोन घ्यावेत आणि फोनमधला इक्वलायझर व बेस बूस्ट बंद करावा. अनेक ब्लूटूथ हेडफोन बेस वाढवूनच विकले जातात, तेव्हा ते वापरणार असाल तर तसे अभिप्रायात लिहावे. त्यानंतर त्याच प्रकारचा, आपल्या चांगल्या परिचयाचा आणि व्यावसायिक दर्जाचा एक ट्रॅक त्याच हेडफोनवर मिनिटभर ऐकावा. कानाला मापाची आठवण करून देण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

आवाजाची पातळी ठरवून ठेवावी आणि ऐकताना ती बदलू नये. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते की, आवाज लहान असताना आपल्या कानाला खालचे स्वर प्रमाणाबाहेर क्षीण ऐकू येतात. एकच ट्रॅक लहान आवाजात ‘बेस नाही’ आणि मोठ्या आवाजात ‘बेस जास्त’ असा का वाटतो, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. शिवाय मोठ्याने वाजलेले कानाला आपोआप चांगले वाटते, म्हणून दोन ट्रॅकची तुलना करताना दोन्ही सारख्या आवाजात हवेत.

खालचा बेस : येथे थोडे थांबावे

नवोदितांच्या डबस्टेपमध्ये सर्वांत जास्त गोंधळ सबबेसमध्ये होतो, आणि तो त्यांच्या अडाणीपणामुळे नव्हे तर ते बसतात त्या खोलीमुळे होतो. आपल्याकडे शिकायला आलेल्या मुलांची भाड्याची खोली बहुधा दहा बाय बारा फुटांची, शहाबादी फरशीची आणि कित्येकदा पत्र्याच्या छताची असते. समोरासमोरच्या भिंतींत बारा फुटांचे अंतर असेल, तर सुमारे ४७ हर्ट्झची ध्वनिलहर त्यांच्यामध्ये अशी अडकते की भिंतीजवळ तो स्वर घुमतो आणि खोलीच्या मधोमध तो फारच क्षीण ऐकू येतो. छोटा सबवूफर लावून मधोमध बसलेल्या मुलाला बेस ऐकू येत नाही, म्हणून तो वाढवत जातो. तोच ट्रॅक आपण हेडफोनवर ऐकतो तेव्हा बेसने बाकी सगळे झाकून टाकलेले असते. अशा वेळी ‘बेस फार झालाय’ एवढेच लिहिले तर त्याला ते पटत नाही, कारण त्याच्या कानाला तसे वाटतच नाही. ‘तू कुठे बसून मिक्स करतोस? एकदा भिंतीजवळ जाऊन ऐक, मग हेडफोनवर ऐक,’ असे सांगितले की त्याला कारण स्वतःच सापडते.

दुसरी गोष्ट ट्रॅकच्या स्वराची. आपल्यापैकी बरेच जण पेटीवरच्या पट्ट्यांत विचार करतात, म्हणून त्याच भाषेत सांगतो. पांढरी एकचा सबबेसमधला सर्वांत खालचा स्वर ३२.७ हर्ट्झ इतका असतो, पांढरी चारचा ४३.७ आणि पांढरी पाचचा ४९. बत्तीस-तेहेतीस हर्ट्झ नीट वाजवणारे स्पीकर थोडे असतात. तोच स्वर एक सप्तक वर नेला तर तो ६५ हर्ट्झवर जातो आणि पोटात जाणवणारा खोलपणा कमी होतो. डबस्टेपचे अनेक ट्रॅक पांढरी चारच्या आसपास का असतात, याचे एक कारण यात आहे. एखाद्या ट्रॅकचा ड्रॉप (चढत जाणाऱ्या भागानंतर, म्हणजे बिल्डअपनंतर, बेस आणि ड्रम एकदम कोसळतात ती जागा) हेडफोनवर दमदार आणि स्पीकरवर पोकळ वाटत असेल, तर बेसची पातळी वाढवायला सांगण्याआधी ट्रॅक कुठल्या पट्टीत आहे हे विचारावे आणि सगळा ट्रॅक तीन-चार स्वर वर नेऊन पाहायला सुचवावे.

तिसरी गोष्ट म्हणजे मोनो, अर्थात डावी-उजवी बाजू एकत्र केलेला आवाज. नवोदित मंडळी बेस भव्य वाटावा म्हणून तो डाव्या-उजव्या बाजूला पसरवतात. हेडफोनवर तो सुरेख वाटतो, पण दोन्ही बाजू एकत्र झाल्या की दोन लहरी एकमेकींना खोडून काढू शकतात, आणि मोठ्या साउंड सिस्टिमवरचे सबवूफर बहुतेक वेळा एकत्र केलेलाच आवाज वाजवतात. याची तपासणी सोपी आहे. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ सुरू करावा आणि ड्रॉप पुन्हा ऐकावा. बेस अचानक आटला, तर तसे सेकंदासह लिहावे आणि साधारण १०० हर्ट्झच्या खालचा भाग मोनो ठेवायला सांगावे.

फोनवर बेस मुळीच ऐकू येत नाही, ही तक्रारही वारंवार येते आणि तिला उत्तर आहे. ४४ हर्ट्झच्या शुद्ध स्वराला थोडे सॅच्युरेशन (आवाज किंचित फाटवणारा परिणाम) दिले, तर ८८, १३२, १७६, २२० अशी वरची स्वरांगे तयार होतात. फोनचा स्पीकर त्यांतली वरची स्वरांगे वाजवतो आणि खालचा मूळ स्वर मेंदू स्वतः भरून काढतो. अभिप्रायात हे एका ओळीत सांगता येते आणि ते ऐकणाऱ्याचे कित्येक दिवस वाचवते.

शक्य असेल तर ट्रॅक मोठ्या सिस्टिमवर ऐकण्याची संधी शोधावी. जयंतीच्या किंवा गणपतीच्या मिरवणुकीसाठी ज्यांची सिस्टिम जाते, त्या डीजेवाल्या दादांना मोठ्या बेसची वर्षानुवर्षांची जाण असते. गोदामात साउंड तपासताना, दिवसाउजेडी आणि बेताच्या आवाजात दोन मिनिटे आपला ट्रॅक लावण्याची विनंती केली आणि ‘दादा, तुम्हाला यात काय खटकतं?’ असे विचारले, तर मिळणारे उत्तर पुष्कळदा कुठल्याही ऑनलाइन धड्यापेक्षा नेमके असते.

तीन वेळा ऐकावे

पहिल्या वेळी काहीही लिहू नये आणि मध्ये थांबवू नये. केवळ एवढेच पाहावे की लक्ष कुठे उडाले आणि मान कुठे डोलली. हा अनुभव एकदाच मिळतो, म्हणून तो जपावा.

दुसऱ्या वेळी वही घ्यावी आणि प्रत्येक निरीक्षणासमोर मिनिट व सेकंद लिहावे. इथे थोडे गणित मदतीला येते. १४० च्या गतीत चार ठोक्यांचा एक बार १.७१ सेकंदांचा, १६ बार सुमारे २७.४ सेकंदांचे आणि ३२ बार सुमारे ५५ सेकंदांचे होतात. ड्रॉप ०:५५ किंवा १:२२ च्या आसपास येत असेल, तर बांधणी सोळाच्या पटीत आहे असे समजावे. तो अधल्यामधल्या जागी येत असेल, तर हे ठरवून केले आहे का, असे विचारावे. तबल्याची तिहाई ऐकणारा श्रोता जसा समेची वाट पाहतो, तशीच ड्रॉपची वाट पाहिली जाते. सम अनपेक्षित जागी आणणे हे कौशल्य असू शकते, पण ती चुकून सरकली असेल तर ऐकणाऱ्याला नेमके कारण न कळता अवघडल्यासारखे होते.

तिसऱ्यांदा फक्त खटकलेल्या जागा ऐकाव्यात आणि कारणाचा शोध घ्यावा. याच वेळी आवाज फाटण्याचा प्रश्न नीट पारखावा, कारण डबस्टेपमध्ये फाटका आवाज हा अलंकारही असतो आणि दोषही. फक्त गुरगुरणारा बेसच फाटत असेल आणि त्याच वेळी झांजा किंवा गाण्याचा आवाज स्वच्छ असेल, तर तो बनवणाऱ्याचा हेतू आहे. किकच्या (खालच्या आवाजाच्या ड्रमच्या) प्रत्येक ठोक्यासरशी झांजा, आवाज, सिंथ असे सगळेच एकदम चरचरत असेल, तर मास्टर चॅनल (सगळे आवाज एकत्र येतात तो) क्लिप होत आहे, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन कापला जात आहे, किंवा लिमिटर (आवाजाला मर्यादेत रोखणारे साधन) अतोनात दाबला आहे. तसे असल्यास लिमिटर काढून, सर्वांत मोठा ठोका उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवून नवी फाइल मागावी. ट्रॅक जास्तीत जास्त मोठा करण्याची ही ओढ अनाठायी आहे, कारण स्पॉटिफायसारखी माध्यमे सगळ्या गाण्यांचा आवाज साधारण उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचे एकक) पातळीवर आणून वाजवतात. दाबून मोठा केलेला ट्रॅक तिथे लहान होतो आणि दाबल्याची खूण तेवढी उरते.

सलग पाच-सहा ट्रॅक ऐकून झाल्यावर अभिप्राय देऊ नये. थकलेल्या कानाला सगळेच कर्कश वाटते.

आधी मोठे, मग बारीक

निरीक्षणे दहा-बारा जमतात, पण त्यांतली दोन किंवा तीनच पाठवावीत आणि ती क्रमाने निवडावीत. सर्वांत आधी बांधणी, मग मूळ कल्पना, मग आवाजांची निवड, त्यानंतर त्यांचे परस्परांशी प्रमाण आणि अगदी शेवटी मास्टरिंग. दुसरा ड्रॉप पहिल्याची नक्कल असेल, तर स्नेअरच्या ईक्यूवर (इक्वलायझरवर) बोलणे व्यर्थ आहे, कारण दुसरा ड्रॉप नव्याने लिहिताना तो स्नेअर कदाचित बदलला जाईल.

हलगी, संबळ आणि तुणतुणे आले तर

आपल्या भागातली मुले आपल्या वाद्यांचे नमुने डबस्टेपमध्ये आणू लागली की मला मनापासून आनंद होतो, आणि त्यावर अभिप्राय देताना आपण विशेष जबाबदारीने ऐकले पाहिजे, कारण हे ऐकण्यासाठी लागणारा कान आपल्याच घरात घडलेला आहे. हलगीची थाप आणि डबस्टेपचा स्नेअर दोन्ही तीव्र आणि दोन्ही साधारण एकाच वारंवारितेत चमकतात. ती एकाच ठोक्यावर आली तर एक दुसऱ्याला गिळते. अशा वेळी हलगी स्नेअरच्या मधल्या जागांत खेळवावी किंवा स्नेअर काढून तिसरा ठोका हलगीलाच द्यावा, असे सुचवता येते. संबळाची जाड आवाजाची बाजू सबबेसशी भांडते का, हेही पाहावे.

तुणतुण्याचा प्रश्न वेगळा आहे. गोंधळात ते अखंड एकच स्वर धरते आणि हा स्वर गोंधळी आपल्या गळ्याप्रमाणे लावतो. तो संगणकाच्या ४४० हर्ट्झवर आधारलेल्या स्वरांशी जुळेलच असे नाही. परिणामी बेस आणि तुणतुणे यांच्यात तीस-चाळीस सेंटचा (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर) फरक राहतो आणि ट्रॅक सतत बेसूर भासतो. बनवणारा सहसा सिंथमध्ये दोष शोधत बसतो. ‘तुणतुणं आणि बेस दोनच चालू ठेवून ऐक आणि बेस तुणतुण्याला लावून घे,’ हे एक वाक्य तिथे पुरेसे असते. तुणतुण्याला ओढून संगणकाच्या स्वरात बसवण्यापेक्षा बेसने त्याच्याकडे यावे, असे मला वाटते, कारण ओढलेल्या तुणतुण्याचा झणत्कार मरतो.

आणि जर तो आवाज एखाद्या गोंधळ्याचा, कव्वालाचा किंवा शेजारच्या आजींच्या ओवीचा असेल, तर त्यांची परवानगी घेतली आहे का आणि त्यांचे नाव देणार आहेस का, हे विचारणे हाही अभिप्रायाचाच भाग आहे.

लिहावे कसे

उपयोगी अभिप्रायाच्या वाक्यात चार गोष्टी असतात : कितव्या सेकंदाला, काय ऐकू आले, कशावर ऐकले आणि काय करून पाहता येईल. ‘ड्रॉप कमजोर आहे’ याऐवजी असे लिहावे : ‘१:२२ ला ड्रॉप येतो, तेव्हा मला तो बिल्डअपपेक्षा लहान वाटला. तारेच्या हेडफोनवर ऐकलं. शेवटच्या चार बारांत व्हाइट नॉइज आणि स्नेअर दोन्ही वाढत जातात आणि ड्रॉपपर्यंत कुठेच थांबत नाहीत. ड्रॉपच्या आधीचा एक ठोका पूर्ण गप्प ठेवून बघशील का?’ यात निकाल कमी आणि माहिती जास्त आहे. शिवाय सुचवलेला उपाय दहा मिनिटांत करून पाहता येतो.

दोष आणि आवड यांची सरमिसळ होऊ देऊ नये. किकच्या वेळी बेस मागे हटत नाही आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात, हे निरीक्षण आहे. त्यावर साइडचेन कॉम्प्रेशनचा (किक वाजताच बेस क्षणभर दाबण्याचा) उपाय सांगता येतो. वॉबल बेस (हेलकावणारा बेस) जुना झाला, ही आवड आहे. ती सांगायचीच असेल तर ‘माझ्या आवडीचा भाग वेगळा’ असे म्हणून सांगावी.

चांगले काय झाले, तेही तितक्याच नेमकेपणाने लिहावे. मन राखण्यासाठी दोन गोड शब्द आधी लिहिण्याची रीत मला पटत नाही. पण ०:४० चा फिल्टर हळूहळू उघडण्याचा भाग सुंदर आहे, हे त्याला कोणी सांगितले नाही, तर पुढच्या आवृत्तीत तो भाग त्याच्याच हातून बिघडण्याचा धोका असतो.

ग्रुपवर सगळ्यांदेखत गुण सांगावेत आणि दुरुस्त्या वैयक्तिक संदेशात पाठवाव्यात, विशेषतः पाठवणारा पहिल्यांदाच काही दाखवत असेल तेव्हा. लातूरच्या एका मुलीने एकदा ट्रॅक पाठवून अर्ध्या तासात तो पुसूनही टाकला होता, कारण ग्रुपवर पहिले उत्तर ‘हे काय आवाज काढलेत’ असे आले होते. नंतर तिच्याकडून तो मागवून ऐकला, तेव्हा त्यातला बेस मी त्या वर्षी ऐकलेल्या नवोदितांच्या कामांत सर्वांत सुबक होता. वयाने मोठ्या माणसाच्या कामावर लिहिताना ‘दादा’, ‘ताई’ म्हणून प्रश्नाच्या रूपात लिहावे, पण आदरापोटी दोष गाळू नये.

दुसरी आवृत्ती आल्यावर

सुधारलेला ट्रॅक आला की जुनी आणि नवी अशा दोन्ही फाइल सारख्या आवाजात लावून आधी आपण सांगितलेल्याच जागा ऐकाव्यात. ती अडचण सुटली का आणि ती सोडवताना दुसरे काही बिघडले का, हे कळवावे. नवे दोष काढत बसू नये. जे पहिल्यांदा सांगितले नाही, ते फार मोठे असेल तरच आता सांगावे. सूचना त्याने मानली नसेल, तर का मानली नाही हे विचारावे, कारण त्या उत्तरातून त्याला काय बनवायचे आहे हे आपल्याला पहिल्यापेक्षा स्पष्ट कळते. तिसऱ्या आवृत्तीनंतर बहुधा त्या ट्रॅकमध्ये हाती लागण्यासारखे थोडेच उरते. अशा वेळी सगळी प्रोजेक्ट फाइल तारखेसह जपून ठेवायला सांगावे आणि पुढच्या ट्रॅकचे पहिले सोळा बार कधी पाठवतोस, असे विचारावे.